यंत्रातलं शून्य

(जयगड येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी आधी मला ‘अणुशक्ती : शाप की वरदान’ हा विषय सुचवला होता. मी हात जोडले. वक्तृत्व स्पर्धांमधून हा विषय इतका घासला गेलाय की बोलणाऱ्याला विचार करावा लागत नाही आणि ऐकणाऱ्यालाही. त्याऐवजी मी एक बारीक, ऐकायला कोरडा वाटणारा विषय मागून घेतला : न्यूट्रॉनचा मारा माणसाच्या अंगावर किती झाला हे यंत्रं कशी मोजतात. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते विज्ञानाचे शिक्षक होते असं कळलं, तेव्हा निदान पहिली दहा मिनिटं कुणी उठून जाणार नाही असा भरवसा वाटला. माझी नोकरी याच मोजणीत गेली. तेव्हा जे बोलेन ते हाताखालून गेलेलं बोलेन.

मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रावर शून्य आलं तर त्याचे दोन अर्थ निघतात. तिथे काहीच नाही, हा एक. यंत्राला ते दिसतच नाही, हा दुसरा. न्यूट्रॉनच्या बाबतीत दुसरा अर्थ कायम दारात उभा असतो, आणि तो वगळल्याशिवाय पहिला स्वीकारायचा नसतो.

आता असं का, ते बघू. अल्फा, बीटा किंवा गॅमा किरण पदार्थातून जातात तेव्हा वाटेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात. म्हणजे विद्युतभार मोकळा होतो, आणि विद्युतभार मोजायला आपण फार पूर्वीच शिकलो. गायगर काउंटरची टकटक ती हीच. न्यूट्रॉनला विद्युतभारच नाही. इलेक्ट्रॉनला त्याची दखल नाही, त्याला इलेक्ट्रॉनची नाही. इंचभर शिशाच्या पत्र्यातून तो जवळपास काही न घडल्यासारखा निघून जातो. त्याची गाठ पडते ती फक्त अणुकेंद्राशी, आणि अणूच्या मानाने अणुकेंद्र इतकं लहान असतं की ही गाठ क्वचितच पडते.

म्हणून तो सापडायलाही उशीर झाला. जर्मनीत बोथे आणि बेकर यांना १९३० मध्ये बेरिलियमवर अल्फा कणांचा मारा केल्यावर एक विलक्षण भेदक किरण निघताना दिसला. पॅरिसमध्ये आयरीन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी तो किरण मेणावर सोडला, तर मेणातून वेगवान प्रोटॉन बाहेर पडले. गॅमा किरणच असेल, असं त्यांना वाटलं. केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविकला ते पटेना. त्याने फेब्रुवारी १९३२ मध्ये दाखवून दिलं की मेणातून प्रोटॉन असे उडवायचे तर येणारा कण प्रोटॉनइतक्याच वजनाचा हवा आणि भाररहित हवा. आपले होमी भाभा त्या वेळी त्याच केंब्रिजमध्ये संशोधन करत होते.

चॅडविकने स्वतः न्यूट्रॉन पाहिला नाही. त्याने उडालेले प्रोटॉन पाहिले आणि मागे जात हिशेब केला. ही गोष्ट इथेच नीट धरून ठेवा, कारण त्यानंतरच्या नव्वद वर्षांत निघालेलं न्यूट्रॉनचं प्रत्येक यंत्र हेच करत आलंय. तो कशावर तरी आदळतो किंवा कशात तरी शोषला जातो, त्यातून भार असलेला एखादा कण सुटतो, आणि आपण मोजतो तो सुटलेला कण. न्यूट्रॉन थेट मोजणारं यंत्र अस्तित्वात नाही.

यातले दोन मार्ग महत्त्वाचे. पहिला आदळण्याचा. कॅरमची सोंगटी दुसऱ्या सोंगटीवर समोरासमोर आदळली की येणारी जागच्या जागी थांबते आणि दुसरी तिचा सगळा वेग घेऊन निघते. तीच सोंगटी फ्रेमवर आदळली तर वेग जवळजवळ शाबूत ठेवून परत येते. न्यूट्रॉनला बरोबरीचा भिडू म्हणजे हायड्रोजनचं अणुकेंद्र. म्हणून मेण, पाणी, पॉलिथिन, आणि हो, माणसाचं शरीर, या हायड्रोजनने भरलेल्या गोष्टी त्याला पटकन मंदावतात. २० लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन हायड्रोजनमध्ये सरासरी १८ टकरांत पार गारठतो. कार्बनमध्ये त्याला शंभरावर टकरा लागतात, शिशात दोन हजारांच्या आसपास. गॅमाला अडवायला शिसं आणि न्यूट्रॉनला अडवायला पाणी, हा उलटा व्यवहार नव्या माणसाला पचायला जड जातो.

दुसरा मार्ग शोषून घेण्याचा. मंदावलेला न्यूट्रॉन काही ठरावीक अणुकेंद्रं अधाशासारखी गिळतात. त्यातलं एक आहे बोरॉन-१०. आणि कॅरमचा विषय निघालाच आहे तर, बोर्डावर आपण जी पांढरी बोरिक पावडर टाकतो तिच्यातल्या बोरॉनचा पाचवा हिस्सा हाच बोरॉन-१० असतो. तो न्यूट्रॉन गिळतो आणि फुटतो : एक अल्फा कण, एक लिथियमचं केंद्र, आणि बहुतेक वेळा २३ लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा. दोन्ही तुकडे भारवाले. म्हणजे मोजता येणारे.

पितळेच्या किंवा स्टीलच्या नळीत बोरॉन ट्रायफ्लोराइड वायू भरा, मधोमध केसासारखी तार ताणा, तारेला हजार-दोन हजार व्होल्ट द्या. न्यूट्रॉन शिरला, बोरॉनने गिळला, तुकडे वायूतून धावले, तारेवर एक ठोका आला. त्याच नळीत गॅमा किरणही शिरतात आणि तेही ठोके देतात, पण बारके. ठरावीक उंचीच्या खालचे ठोके मोजायचेच नाहीत असं सर्किटला सांगून ठेवलं की गॅमा बाजूला पडतात. हीलियम-३ वायूची नळी याच पद्धतीने चालते आणि जास्त संवेदनशील असते. मात्र हीलियम-३ मिळतो तो ट्रिटियमच्या क्षयातून, म्हणजे मुख्यतः अण्वस्त्रांच्या कारखान्यांतून. अमेरिकेने बंदरांवर आणि सीमांवर किरणोत्सार तपासणीच्या कमानी उभारायला घेतल्या आणि २००९ च्या सुमारास जगभर त्याची टंचाई झाली. शांततेच्या काळातल्या यंत्रासाठी अण्वस्त्रांच्या साठ्याकडे तोंड वेंगाडायचं, हा या धंद्यातला विनोद आहे.

इथवर झालं न्यूट्रॉन मोजणं. खरी अडचण पुढे आहे. आपल्याला न्यूट्रॉनची संख्या नको आहे, माणसाला झालेली इजा हवी आहे. आणि सगळे न्यूट्रॉन सारखी इजा करत नाहीत. मंद न्यूट्रॉन एका चौरस सेंटिमीटरमागे एक गेला तर सुमारे १० पिकोसीव्हर्ट मात्रा धरतात (सीव्हर्ट हे इजेच्या मात्रेचं एकक, पिको म्हणजे त्याचा लाख-कोटीवा भाग). दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचा, सेकंदाला १४ हजार किलोमीटर वेगाचा न्यूट्रॉन गेला तर सुमारे ४१६. चाळीस पट. आता गंमत पहा. बोरॉनची नळी नेमके मंद न्यूट्रॉन पकडते, ज्यांच्यापासून धोका कमी. ज्यांच्यापासून धोका जास्त ते वेगवान न्यूट्रॉन तिच्यातून सटकतात. म्हणजे उघडी नळी घेऊन फिरलात तर आकडा हवा तिथे कमी आणि नको तिथे जास्त येणार.

यावर तोडगा काढला तो स्वीडनच्या अँडरसन आणि ब्राउन यांनी १९६० च्या दशकात. नळीभोवती पॉलिथिनचं जाड कवच, आत बोरॉन मिसळलेल्या प्लास्टिकचा छिद्रं पाडलेला थर. कवचाची जाडी आणि छिद्रांचं प्रमाण असं बसवलं की वेगवान न्यूट्रॉन मंदावून आत पोचावेत आणि बाहेरून आलेले मंद न्यूट्रॉन बरेचसे वाटेतच गिळले जावेत. परिणाम असा की ठोक्यांची संख्या इजेच्या प्रमाणाशी ढोबळपणे जुळते. याला रेम काउंटर म्हणतात. वजन नऊ-दहा किलो. दिवसभर हातात वागवून पहा, विज्ञानावरची श्रद्धा खांद्यातून उतरते. आणि ‘ढोबळपणे’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. मधल्या ऊर्जेच्या टप्प्यात हे यंत्र कित्येक पट जास्त दाखवतं, आणि दोन कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर गेलं की कमी दाखवू लागतं. जास्त दाखवण्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. कमी दाखवण्याचं वाटतं.

आता दहा किलोचा डबा गळ्यात अडकवून कुणी काम करत नाही. कामगाराच्या छातीवर असतो तो बॅज. आपल्याकडे रुग्णालयांतल्या क्ष-किरण विभागापासून अणुभट्टीपर्यंत जो टीएलडी बॅज दिसतो, तो भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्यांचा. तापवल्यावर साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते, त्यावरून मात्रा काढतात. बीटा, क्ष-किरण आणि गॅमा यांसाठी हा बॅज भरवशाचा. न्यूट्रॉनसाठी नाही. न्यूट्रॉनच्या स्रोताजवळ दिवसभर राबलेल्या माणसाच्या छातीवर फक्त हाच बॅज असेल आणि अहवालात नगण्य मात्रा आली, तर ते माझ्या सुरुवातीच्या हिशेबातलं दुसरं शून्य.

न्यूट्रॉनसाठी वेगळा बॅज लागतो. पूर्वी त्यासाठी कोडॅकची एक जाड इमल्शनची फिल्म वापरत. उडालेल्या प्रोटॉनचा मार्ग तिच्यात चांदीच्या कणांच्या रेघेसारखा उमटे आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेघा मोजायच्या. पण दमट, गरम हवेत या रेघा फिल्म धुण्याआधीच पुसट होत. युरोपातल्या थंड प्रयोगशाळेत ठरलेली पद्धत ऑगस्टमधल्या कोकण किनाऱ्यावर लावली, तर तीन महिन्यांपूर्वी बसलेला मारा फिल्मवर शिल्लक राहील याची खात्री नाही. शिवाय अर्ध्या-पाऊण मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खालचे न्यूट्रॉन तिला दिसतच नसत.

तिची जागा सीआर-३९ या प्लास्टिकने घेतली. चष्म्याच्या प्लास्टिकच्या काचा ज्याच्या करतात तेच हे. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या नाकावर ते आत्ता असेल. कार्टराइट, शर्क आणि प्राइस यांनी १९७८ मध्ये दाखवलं की यात प्रोटॉनचा माग टिपण्याची क्षमता आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढा पारदर्शक तुकडा, त्याच्यापुढे पॉलिथिनची चकती, आणि दोन्ही हवाबंद पाकिटात. पाकीट का, तर हवेतल्या रेडॉनचे अल्फा कण या प्लास्टिकवर तसेच डाग पाडतात. बंदिस्त खोलीत उघडा ठेवलेला तुकडा न्यूट्रॉनऐवजी खोलीतली हवा मोजत बसतो.

तिमाही संपली की पाकीट कापायचं. हातात येतो तो तुकडा काचेसारखा स्वच्छ, कोरा. उजेडाकडे धरा, भिंगाखाली धरा, काही नाही. मग तो कॉस्टिक पोटॅशच्या गरम द्रावणात ठेवायचा. जिथून प्रोटॉन गेला तिथली प्लास्टिकची साखळी तुटलेली असते, तिथे पोटॅश भराभर खाऊ लागतं आणि नसते तिथे सावकाश. द्रावणातून काढून, धुऊन, पुसून सूक्ष्मदर्शकाखाली घातला की कोऱ्या पृष्ठभागावर गोल खड्डे दिसतात. काही नेटके गोल, काही तिरके लंबगोल, तिरपा आलेला प्रोटॉन तिरपा खड्डा करतो. कडेला मात्र ओरखडे असतात, धूळ असते, प्लास्टिक ओतताना राहिलेले दोष असतात. आज गणकयंत्र छायाचित्रावरून मोजतं. आमच्या सुरुवातीच्या काळात माणूस डोळा लावून बसे, आणि तिसऱ्या प्रहरी जेवण झाल्यावर मोजलेल्या तुकड्यांत खड्डे कमी भरतात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

खड्ड्यांच्या दाटीवरून मात्रा काढायची तर आधी ओळखीच्या स्रोतापाशी तेवढ्याच प्लास्टिकवर किती खड्डे पडतात ते पाहिलेलं असावं लागतं. त्याला अंशांकन म्हणतात, आणि या सगळ्या शास्त्राचा जीव त्यात आहे. वेगवान न्यूट्रॉन सोडणाऱ्या अमेरिशियम-बेरिलियमच्या स्रोतापाशी अंशांकन केलं आणि बॅज वापरला अणुभट्टीच्या जाड भिंतीपलीकडे, जिथे न्यूट्रॉन मंदावलेले आहेत, तर आकडा चुकणार. शंभर-दीडशे किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली हे प्लास्टिकही आंधळं. अशा जागी अल्बेडो बॅज लावतात. त्यात लिथियमच्या दोन जातींच्या चकत्या असतात आणि माणसाच्या शरीरात शिरून मंदावून परत उसळलेले न्यूट्रॉन मोजले जातात. शरीर इथे यंत्राचाच भाग असतं. तो बॅज अंगाला चिकटून नसला, सैल लोंबत राहिला, तर वाचन बिघडतं.

यंत्रांइतकाच घोळ माणसं घालतात. बॅज घालून कामावर जायचं आणि काम संपलं की तो स्रोताच्या खोलीतल्या खुंटीला अडकवायचा, हा प्रकार मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिला. माणूस घरी जेवतोय आणि बॅज रात्रभर मारा खातोय. तिमाहीला भलतीच मात्रा निघाली की चौकशी, कागद, घाबरलेलं कुटुंब. उलटही होतं : जास्त मात्रा आली तर काम बंद करतील म्हणून बॅज खिशातच राहतो. दुसऱ्या प्रकाराची चौकशी होत नाही.

हा सगळा मारा आपल्या माणसांना कुठे भेटतो? तुम्ही म्हणाल तारापूर, ट्रॉम्बे. बरोबर आहे. ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला चालू झाली, तेव्हापासून ही मोजणी महाराष्ट्रात आहे. पण या किनाऱ्यावरच्या मुलांना न्यूट्रॉन भेटण्याची एक जागा अणुऊर्जेशी संबंधित नाही. समोरच्या याच समुद्रात, उत्तरेला, १९७४ मध्ये बॉम्बे हायचं तेल सापडलं. तेलविहिरीत खडकाच्या छिद्रांमध्ये द्रव किती आहे हे पाहायला न्यूट्रॉनचा स्रोत तळाशी सोडतात. तेल आणि पाणी दोन्हींत हायड्रोजन, तो न्यूट्रॉनना मंदावतो, आणि परत येणाऱ्या न्यूट्रॉनच्या संख्येवरून खडक किती सच्छिद्र ते कळतं. याला लॉगिंग म्हणतात. स्रोत असतो अमेरिशियम-बेरिलियमचा, बोटभर लांबीच्या स्टीलच्या कुपीत.

विद्यार्थ्यांनी वही काढावी, हिशेब मांडू या. अशा नेहमीच्या स्रोतातून सेकंदाला सुमारे ४ कोटी न्यूट्रॉन सुटतात, सगळ्या दिशांना. स्रोतापासून एक मीटरवर ते ज्या गोलावर पसरतात त्याचं क्षेत्रफळ सुमारे १ लाख २६ हजार चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला ३१८ न्यूट्रॉन. या स्रोतासाठी प्रत्येकी ३९१ पिकोसीव्हर्ट धरतात. गुणाकार करा, तासाचे ३६०० सेकंद धरा : ताशी ०.४५ मिलिसीव्हर्टच्या आसपास. भारतात किरणोत्साराशी काम करणाऱ्याला मर्यादा आहे ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जायचं नाही. म्हणजे एक मीटरवर उभं राहून ४५ तासांत वर्षाचा कोटा संपतो. दोन मीटरवर गेलात तर मात्रा चौथाई. म्हणून ही कुपी हाताने उचलत नाहीत, लांब दांडीच्या हत्याराने उचलतात, आणि ठेवतात ती शिशाच्या नव्हे, पॉलिथिन किंवा मेण भरलेल्या पिंपात. हा हिशेब दहावीच्या गणिताचा आहे. तेलविहिरीच्या रिगवर निघालेल्या मुलाला तो येत असेल तर दांडी लांब का, हे त्याला कुणी सांगावं लागणार नाही, आणि आपल्याला न्यूट्रॉनचा बॅज मिळालाय की फक्त टीएलडी, हे तो स्वतःच विचारेल.

रुग्णालयांतही न्यूट्रॉन आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कर्करोगावर उपचार करणारी रेषीय त्वरक यंत्रं १० मेगाव्होल्टच्या वर चालवली की त्यांच्या डोक्यातल्या टंगस्टन-शिशातून न्यूट्रॉन सुटतात. त्या खोल्यांच्या दारांत बोरॉन घातलेलं पॉलिथिन असतं ते याचसाठी. इथे आणखी एक पेच आहे. हे यंत्र सलग चालत नाही, सेकंदाचे काही दशलक्षांश भाग एवढे छोटे झटके देतं. एका झटक्यात इतके कण येतात की नळीवाल्या काउंटरला ते वेगळे मोजता येत नाहीत, तो गोंधळून एकच ठोका देतो. आकडा लहान दिसतो. अशा खोलीत बिनविजेचा, शांतपणे खड्डे जमवणारा सीआर-३९ चा तुकडा महागड्या काउंटरपेक्षा खरं बोलतो.

आता अपघाताकडे येतो. ३० सप्टेंबर १९९९. जपानमधलं तोकाइमुरा. जेसीओ कंपनीच्या इंधन कारखान्यात तीन कामगार युरेनियमचं द्रावण बादलीने एका टाकीत ओतत होते. टाकी त्या कामाची नव्हती. ठरावीक वजनाच्या वर द्रावण गेलं आणि साखळी प्रक्रिया सुरू झाली. ती थांबत, पेटत सुमारे २० तास चालली. टाकीभोवतीचं थंड करायचं पाणी न्यूट्रॉन परत आत उसळवत होतं, ते काढून टाकलं तेव्हा ती विझली. मग पुन्हा पेटू नये म्हणून टाकीत ओतलं बोरिक ॲसिड. तीनपैकी दोघे काही महिन्यांत गेले.

त्या तिघांना किती मारा बसला हे कसं मोजलं? न्यूट्रॉनने त्यांच्या रक्तातल्या साध्या सोडियमचं किरणोत्सारी सोडियम-२४ केलं होतं. त्याचं अर्धायुष्य १५ तास. रक्ताचा नमुना वेळेत घेतला तर त्यातला गॅमा मोजून मागे हिशेब करता येतो. नंतर संशोधक आसपासच्या घरांमध्ये गेले आणि त्यांनी गोळा केलं काय, तर स्वयंपाकघरातलं मीठ, स्टीलचे चमचे, सोन्याचे दागिने, आणि पाच येनची पितळी नाणी. नाण्यातल्या जस्तापासून झालेलं जस्त-६५ महिनोन्‌महिने टिकतं. कुठल्या घरात किती न्यूट्रॉन शिरले ते त्या वस्तूंनी सांगितलं. कारखान्यापासून साडेतीनशे मीटरच्या आतल्या लोकांना घरं सोडावी लागली होती. त्यांच्यापुरती न्यूट्रॉनची नोंद ठेवायला तिथे जे होतं ते त्यांचंच सामान.

मापनातली चूक किती दिवस टिकते याचं उदाहरण मात्र त्याआधीचं आहे. हिरोशिमाच्या वाचलेल्यांना न्यूट्रॉनची किती मात्रा बसली याचे १९६५ चे अंदाज अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटातल्या चाचण्यांवर आधारलेले होते. १९८६ मध्ये सगळा हिशेब नव्याने मांडला तेव्हा हिरोशिमातली न्यूट्रॉनची मात्रा सुमारे दशांशावर आली. एक कारण बॉम्बचं जाड पोलादी कवच. दुसरं, ऑगस्टमधली हिरोशिमाची दमट हवा. बाष्पातल्या हायड्रोजनने न्यूट्रॉन अडवले होते, आणि वाळवंटाच्या आकड्यांत बाष्प नव्हतं. किरणोत्साराच्या जगभरच्या मर्यादा ज्या अभ्यासावर उभ्या आहेत, त्यातला एक आकडा वीस वर्षं हवामान विसरून चालला.

आता जयगड. इथे न्यूट्रॉन आहेत का? आहेत. आत्ता या मंडपातही आहेत. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणात आदळतात, त्यांतून सुटलेले न्यूट्रॉन जमिनीपर्यंत पोचतात. जागतिक सरासरीने माणसाला त्यांची वर्षाला सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. आपण समुद्रसपाटीला आणि १७ अंश अक्षांशावर, जिथे पृथ्वीचं चुंबकत्व बरेच विश्वकिरण परतवतं. त्यामुळे आपला वाटा त्याहून कमी.

आणि तो सगळीकडे सारखा नाही. पाण्यावर हे न्यूट्रॉन कमी होतात. लोखंडाच्या मोठ्या राशीजवळ वाढतात, कारण विश्वकिरण लोखंडाच्या जड अणुकेंद्रांवर आदळले की त्यांतून पुष्कळ न्यूट्रॉन झडतात. बंदरांवर चोरटं किरणोत्सारी सामान शोधणाऱ्यांना हा ताप चांगला माहीत आहे, ते त्याला शिप इफेक्ट म्हणतात. जयगडच्या धक्क्याला कोळशाचं मोठं जहाज लागलं असताना हीलियम-३ ची नळी घेऊन त्याच्या बाजूला उभे राहिलात, तर जहाज नसतानाच्या मानाने ठोके वाढलेले दिसतील. जहाजात काहीही नसताना. ज्याला हे ठाऊक नाही तो बातमी करेल.

सड्यावरही तेच, वेगळ्या कारणाने. जमिनीतलं पाणी न्यूट्रॉन मंदावतं, म्हणून मेमधल्या तापलेल्या मातीवर वेगवान न्यूट्रॉन जास्त आणि जुलैत कमी. या फरकावरूनच काही एकर जमिनीतला ओलावा माती न उकरता मोजतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने असं यंत्र बसवलेलं आहे. एकाला जो पार्श्वभूमीचा गोंगाट, तो दुसऱ्याला पीकपाण्याचा आकडा.

शेवटी, जे इथे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांच्या मनात आहे. याच जिल्ह्यात, दक्षिणेला, माडबनच्या सड्यावर सहा फ्रेंच अणुभट्ट्यांचा जैतापूर प्रकल्प योजलेला आहे. त्यावरून झालेलं आंदोलन आणि २०११ चा गोळीबार तुमच्या आठवणीत आहे. त्या काळात दोन्ही बाजूंनी न्यूट्रॉनचं नाव घेतलेलं मी ऐकलं. एक म्हणे, गावात न्यूट्रॉन पसरतील. दुसरा म्हणे, कुंपणावर न्यूट्रॉनचं वाचन शून्य येईल, मग भीती कसली. पहिलं चूक आहे. अणुभट्टीतले न्यूट्रॉन तिच्या पाण्यात, पोलादात आणि काँक्रीटमध्ये संपतात. दुसरं बरोबर असूनही उत्तर नाही. कुंपणाबाहेरच्या माणसाचा प्रश्न न्यूट्रॉनचा नाहीच. फुकुशिमात लोकांपर्यंत पोचलं ते आयोडीन-१३१ आणि सीझियम : दुधातून, पालेभाजीतून, पाण्यातून. भट्टी नीट चालतानाही थोडं ट्रिटियम पाण्याबरोबर समुद्रात जातं. गावाने मागायचं ते न्यूट्रॉन मीटर नव्हे. भट्टी चालू होण्याआधीची काही वर्षं आणि नंतरची प्रत्येक वर्षं, मासळी, दूध, विहिरीचं पाणी, भात यांची मोजणी, तिच्या शोधमर्यादेसकट, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. ‘आढळले नाही’ असं छापलं असेल तर त्याखाली ‘किती असतं तर आढळलं असतं’ हेही छापलेलं हवं. आपल्याकडे अणुऊर्जा केंद्रांच्या परिसरात पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असतात, ही कामं त्या करतात. त्यांचे तक्ते सामान्य माणसाला वाचता येतील असे छापले जात नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे, आणि ती मी निवृत्तीआधीही करत होतो.

न्यूट्रॉनचा प्रश्न कुंपणाच्या आतल्या माणसाचा आहे. इंधन बदलणारा, स्रोत हाताळणारा, रिगवर कुपी सोडणारा, त्वरकाच्या खोलीची दुरुस्ती करणारा. यांत पुष्कळदा कंत्राटी मजूर असतो आणि त्याला कोणता बॅज द्यायचा हे त्याच्याऐवजी दुसरंच कुणी ठरवतं. खारघरला आता प्रोटॉनने कर्करोगावर उपचार होतात. तिथे जे न्यूट्रॉन सुटतात त्यांतले काही दहा कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढचे असतात, जिथे जुना रेम काउंटर कमी दाखवतो. त्यासाठी पॉलिथिनच्या कवचात शिशाचा किंवा टंगस्टनचा थर घातलेली यंत्रं निघाली आहेत. असे वेगवान न्यूट्रॉन आदळले की शिशातून जास्तीचे, कमी वेगाचे न्यूट्रॉन झडतात आणि ते नळीला सापडतात. म्हणजे धक्क्यावरच्या जहाजाचं लोखंड जो उपद्रव करतं, त्याचाच इथे उपयोग केला आहे. मागे बसलेल्या मुलांपैकी कुणाला या कामात यायचं असेल तर व्याख्यानानंतर थांबा, सीआर-३९ चे चार तुकडे आणि एक भिंग मी बरोबर आणलं आहे.